जुन्या पिकअपचे बॉल जॉइंट काढायला काय घेऊ? फोर्क, पुलर की प्रेस?

कळवा_नर्सरीवाला

नमस्कार मंडळी. माझ्याकडे टाटाची २००६ ची पिकअप आहे, पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि टॉर्शन बार (स्प्रिंगच्या जागी पिळणारी दांडी). कळव्यात छोटी नर्सरी आहे तिच्यासाठी वापरतो, म्हणजे माती, शेणखत, कुंड्या, सगळं जडच सामान. दोन महिने झाले, घोडबंदर रोडला खड्ड्यात चाक गेलं की डाव्या बाजूने खट्ट वाजतं, आणि आता तर हळू वळवताना पण कटकट येते. चाक उचलून खालून टॉमीने हलवून बघितलं तर खालच्या बॉल जॉइंटला (आर्म आणि चाकाकडचा भाग जोडणारा फिरता सांधा) चांगलाच प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे, उजवीकडे पण थोडा आहे. चारही बदलायचे ठरवलंय आणि ह्यावेळी घरीच करणार.

घरी का ते पण सांगतो. मागच्या वर्षी एका गॅरेजला टाय रॉड एन्ड (स्टिअरिंगच्या दांडीच्या टोकाचा सांधा) बदलायला गाडी दिली होती, त्यांनी काटा (फोर्क) घालून घणाने ठोकून काढला आणि त्या ठोकाठोकीत शेजारच्या बॉल जॉइंटचं रबर फाटलं. मला कोणी बोललं नाही. पाऊसभर आत पाणी आणि माती गेली, आणि तोच जॉइंट आज खलास झालाय.

दुकानात तीन वस्तू दाखवल्या. एक दोन बोटांचा फोर्क, एक कातरीसारखा बोल्ट आवळायचा पुलर, आणि तिसरी मोठी सी आकाराची प्रेस, सोबत कप आणि बुशांची पेटी. तिन्ही घेणं परवडत नाही. आधी काय घेऊ? गोटी पाने, लांब टॉमी, टॉर्क पाना आणि दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) आहेत माझ्याकडे.

वागळे_फिटर

दादा, पैसे काढायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुकानदार ती एकत्र करून विकतो. पहिलं काम म्हणजे जॉइंटची टेपर (निमुळती) पिन नकलमधून (ज्यावर चाक बसतं तो भाग) सोडवणं, त्याला फोर्क किंवा पुलर. दुसरं म्हणजे जॉइंटची बॉडी आर्ममधून काढणं, त्याला प्रेस लागते, पण ती पण सगळ्या गाड्यांना लागत नाही. आर्म वायर ब्रशने घासून रॉकेलने धुवा आणि नीट बघा. तीन-चार नट-बोल्ट दिसले तर प्रेसची गरजच नाही, पान्याने निघेल. रिव्हेट असतील तर डोकी ग्राइंडरने उडवून ड्रिल करायची, आणि नवीन जॉइंटच्या बॉक्समध्ये जे बोल्ट येतात तेच लावायचे, डब्यातले कुठलेही नाही. गोल बॉडी आर्ममध्ये गच्च बसलेली आणि खोबणीत सर्कलिप (अडकवून ठेवणारी कडी) दिसली तर मात्र प्रेस फिट आहे. हे बघितल्याशिवाय प्रेस घेऊ नका, वरचा एका पद्धतीचा आणि खालचा दुसऱ्या असं पण असतं.

पहिल्या कामाला मी पुलरच सांगेन. फोर्क रबर फाडतो म्हणजे फाडतोच, पाचर आहे ती, रबर आणि आर्मच्या मधेच घुसते. जो जॉइंट भंगारात जाणार त्याला फोर्क चालतो, पण उद्या ब्रेकचं किंवा बेअरिंगचं काम निघालं आणि चांगला जॉइंट नुसता सोडवून परत लावायचा असेल तर फोर्क उपयोगाचा नाही. पुलर दोन्हीकडे चालतो. फक्त घेताना जबड्याचं तोंड मोजा. छोट्या कारचे पुलर १९-२० मिमीच्या आसपास असतात, पिकअपच्या पिनवर ते जाईलच असं नाही, म्हणून घरून व्हर्नियरने पिनची जाडी आणि नकलच्या कानाची उंची मोजून लिहून न्या.

ऐरोली_ऑफरोड

टूलचं वर सांगितलंच आहे, मी टॉर्शन बारबद्दल बोलतो कारण तिथे माणूस मरू शकतो. बार ज्या आर्मला जोडलाय त्या आर्मवर गाडीचं वजन पिळाच्या रूपात साठलेलं असतं, चाक हवेत असलं तरी. त्या बाजूचा जॉइंट सोडवला आणि खाली आधार नसला तर आर्म फटकन खाली येतो. चासी घोड्यांवर, आणि त्या आर्मच्या बाहेरच्या टोकाला खालून जॅक लावून थोडा भार घ्यायचा, मगच नटला हात लावायचा. आर्म पूर्ण काढायचा असेल तर आधी बारचा मागचा अ‍ॅडजस्टिंग बोल्ट ढिला करून पीळ काढावा लागेल, त्याच्याआधी पेंटने खूण करा आणि किती आटे बाहेर आहेत ते मोजून ठेवा, नाहीतर गाडी एका बाजूला झुकेल.

आणि पिनचा कॅसल नट (वर खाचा असलेला) पूर्ण काढू नका. स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली दुमडती पिन) काढून नट तीन-चार आटे मागे घ्या आणि तसाच राहू द्या. टेपर सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो, नट असला की सगळं तिथेच अडकतं. कॅलिपर काढलात तर तारेने चासीला बांधा, ब्रेकच्या होजवर लटकवू नका.

कळवा_नर्सरीवाला

फार उपयोगी सांगितलंत दोघांनी. काल धुतलं सगळं, निम्मा तर चिखलच होता. वरचे दोन्ही चार-चार बोल्टवाले आहेत आणि खालचे प्रेस फिट, सर्कलिप दिसतेय पण गंज एवढा आहे की पकड लागेल असं वाटत नाही. खाडीची हवा म्हटल्यावर व्हायचंच. मग खालच्या दोनसाठी प्रेस घ्यावीच लागणार का? आणि बाजूला एक मेकॅनिक आहे तो म्हणतो गॅस मारून गरम कर, लगेच निघेल.

तुर्भे_ट्रान्सपोर्ट

भाऊ गॅस नको. आर्म आणि नकल हे उष्णतेची प्रक्रिया केलेलं लोखंड असतं, लाल करून त्याची ताकद घालवायची आणि वर एक टन माल भरून पारसिकच्या उतारावरून न्यायचं हे मला तरी पटत नाही. शिवाय आतलं ग्रीस आणि रबर पेटतं. गंजावर मुरणारं तेल रात्रभर दोन-तीनदा मारा, सर्कलिपच्या खोबणीत स्क्राइबरने गंज खरवडा, मग सर्कलिपचा पक्कड लावा.

टेपर हलत नसेल तर पुलर आवळून ताण देऊन ठेवा आणि मग नकलच्या कानावर आडवा हातोडा मारा, पिनच्या टोकावर नाही. शक्यतो दोन हातोडे, एक मागे टेकवून दुसऱ्याने मारायचं, कान क्षणभर दबतो आणि टेपरची पकड सुटते. आमच्याकडे अर्धे जॉइंट असेच निघतात.

प्रेस विकत घ्यायची गरज नाही. दोन जॉइंट आहेत, परत कधी लागणार तुम्हाला? ओळखीच्या गॅरेजकडून एका दिवसासाठी भाड्याने घ्या. नाहीतर पीळ काढून खालचा आर्मच उतरवा आणि रबाळे किंवा वागळेमध्ये हायड्रॉलिक प्रेसवाल्याकडे न्या, पंधरा-वीस मिनिटांचं काम. सी प्रेस आणलीत तर तिच्या स्क्रूला ग्रीस लावा आणि कप सरळ बसलाय का ते चारही बाजूंनी बघा. वाकडा बसला की नवीन जॉइंट पण तिरका जातो आणि आर्मचं भोक ओरबाडतं. नवीन बसवताना जोर फक्त बाहेरच्या कडेवर द्या, मधल्या झाकणावर नाही.

एक कळकळीची विनंती. नवीन जॉइंट भोकात हाताने ढकलून गेला किंवा ढिला वाटला तर आर्म बदला. आपल्याकडे बरेच जण तिथे चार टाके वेल्डिंग मारून देतात. आमच्या एका गाडीला कोणीतरी तसं केलं होतं, ते टाके महापे रोडला तुटले आणि पुढचं चाक आडवं झालं. ड्रायव्हर वाचला कारण सिग्नलला स्लो होता. आजही तो दिवस आठवला की हात थंड पडतात.

वागळे_फिटर

तुर्भेवाल्यांशी शंभर टक्के सहमत. अजून दोन बारीक गोष्टी. वरच्या आर्मच्या माउंटिंग बोल्टला हात लावायची वेळ आली तर मागे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) असतात, कुठल्या बोल्टला किती होत्या ते लिहून ठेवा. आणि शेवटी कॅसल नट टॉर्कला लावल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा पुढे आवळून जुळवायचा, मागे कधीच नाही. स्प्लिट पिन नवीनच.

कळवा_नर्सरीवाला

झालं काम, दोन रविवार गेले. मोठ्या तोंडाचा पुलर घेतला, फोर्क घेतलाच नाही. डावीकडचा टेपर दुसऱ्या फटक्याला सुटला, उजवीकडचा पुलर आवळून रात्रभर तसाच ठेवला होता, सकाळी चहा पीत असताना आपोआप सुटल्याचा आवाज आला. घरातले सगळे बाहेर धावले. खालचे आर्म उतरवून प्रेसवाल्याकडे नेले, डाव्या आर्मचं भोक त्याला ढिलं वाटलं म्हणून तो आर्म नवीन टाकला, खर्च वाढला पण वेल्डिंगचा विषय काढला नाही. अलाइनमेंट पण करून घेतली. काल मातीच्या गोण्या भरून माजिवड्यापासून गायमुखपर्यंत गेलो, खट्ट नाही की कटकट नाही. पुलर घरीच आहे, ठाणे-कळव्यात कोणाला लागला तर मेसेज करा, घेऊन जा.