मदत हवी आहे: समोरून येणाऱ्या गाडीवाल्याला हात करायचा का नाही? उद्या सकाळीच निघायचंय

फुलेवाडी_३५० (शनिवार, दुपारी ४.१०)
मंडळी, जरा लवकर सांगा. उद्या सकाळी ६ ला रंकाळ्यावरून गगनबावड्याला निघतोय आणि ग्रुपमधलं भांडण अजून मिटलेलं नाही. समोरून दुचाकीवाला आला तर रामराम म्हणून हात करायचा का नाही? गेल्या रविवारी जे झालं त्यानंतर निम्मे म्हणतात बंद करा, निम्मे म्हणतात हात केला नाही तर राइडला अर्थच काय. मी सगळ्यांत पुढं असतो, त्यामुळं निघताना मलाच सांगावं लागणार. हो किंवा नाही, एवढंच पाहिजे.

उद्यमनगरकर
गेल्या रविवारी काय झालं? कोणता हात? वळणावर का सरळ रस्त्यावर? किती गाड्या होत्या? एवढं कळल्याशिवाय हो-नाही कसं सांगणार?

कळंब्याचा_बुलेटवाला
करायचाच! यात विचारायचं काय भावा? तीन वर्षांपूर्वी आंबा घाटात माझी गाडी बंद पडली. दहा मिनिटं आधी समोरून आलेल्या दोन पोरांना मी हात केला होता. पुढं कुणीतरी त्यांना सांगितलं की मागं एक जण अडकलाय, तर तीच पोरं उलटी फिरून आली. प्लग काढून घासून दिला, पाणी पाजलं, आणि नावही न सांगता गेली. हात केल्यानं अनोळखी माणूस ओळखीचा होतो. हे बंद करू नका, हात जोडून सांगतो.

हेल्मेटच_पहिलं
त्याआधी एक महत्त्वाचं. हेल्मेटवर आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा आकडा आहे का बघा. रस्त्याकडेला दोनतीनशे रुपयांत मिळतं ते घेऊ नका. पट्टा हनुवटीखाली घट्ट पाहिजे, आणि मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट पाहिजेच.

फुलेवाडी_३५०
हेल्मेट सगळ्यांकडं चांगली आहेत, प्रश्न तो नाही.
उद्यमनगरकर, उजवा हात. समोरच्याला दुसरा कोणता दिसणार? गाड्या सात. बरं, सांगतो काय झालं ते. कळे गावाच्या पुढं थोडं वळण आहे. समोरून स्प्लेंडरवर एक दूधवाले येत होते, दोन्ही बाजूला किटल्या. माझ्या मागच्या गाडीवर माझा धाकटा भाऊ होता, त्यानं हात केला. त्यांनी एकदम ब्रेक दाबला. उसाच्या ट्रॅक्टरांच्या चाकांनी रस्त्यावर चिखल आणलेला, गाडी घसरली. ते वाचले, गुडघा आणि कोपर सोलवटलं, पण एक किटली पूर्ण सांडली. आम्ही गाडी उचलली, पैसे पुढं केले, ते घेईनात. भावाला एक शब्द बोलले नाहीत. किटलीचं झाकण चेपलं होतं, ते टॉवेलनं पुसायचे, बसवून बघायचे, परत पुसायचे. भाऊ तेव्हापासून गाडीला हात लावत नाही.

उद्यमनगरकर
उजव्या मुठीत अ‍ॅक्सिलेटर आहे आणि पुढचा ब्रेकही. गाडी थांबवण्याचं जास्तीचं काम पुढचाच ब्रेक करतो. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. हात दोन सेकंद वर राहिला तर ३३ मीटर तुम्ही पुढच्या ब्रेकविना गेलात, आणि तेही वळणावर, चिखलात. त्या दिवशी तुमचा भाऊसुद्धा पडला असता. माझं उत्तर नाही. उजवा हात कधीच नाही.

इसार_नदीकाठी (मूळ गाव कागल, सध्या म्युनिक)
इथं सगळे सर्रास हात करतात, पण डावा. इकडं वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळं समोरचा तुमच्या डावीकडून जातो आणि डावा हात त्याला सरळ दिसतो. हँडलच्या खाली दोन बोटं सोडली की झालं, अ‍ॅक्सिलेटर सुटत नाही. आपल्याकडं समोरचा उजवीकडून येतो, म्हणजे दिसणारा हात नेमका कामाचा. ब्रिटनमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, तिथं म्हणूनच मान हलवायची पद्धत जास्त आहे. फ्रान्समध्ये पुढं जायला वाट दिली की आभार म्हणून पाय बाहेर काढतात. मला पहिल्यांदा वाटलं त्या माणसाच्या पायाला काहीतरी झालंय! तेव्हा तिकडचं बघून जसंच्या तसं उचलू नका. मान हलवा.

कळंब्याचा_बुलेटवाला
हेल्मेटमधून हललेली मान कुणाला दिसते? आणि हात करायची पद्धत १९०४ पासूनची आहे. हार्ले आणि डेव्हिडसन दोघं वेगवेगळ्या गाड्यांवर समोरासमोर आले आणि त्यांनी एकमेकांना हात केला, तिथून हे सुरू झालं.

इसार_नदीकाठी
ती सांगोवांगीची गोष्ट आहे, पुरावा कुणीच देत नाही. आणि खरी असली तरी अमेरिकेत रस्त्याची बाजू उलटीच.

पाचगावची_स्कूटरवाली
माझंही ऐका. मी रोज पाचगावहून विद्यापीठापर्यंत स्कूटरनं जाते. काळी काच लावलेला, तोंड न दिसणारा माणूस समोरून हात करतो तेव्हा माझ्या मनात पहिलं काय येतं, हे पुरुषांना सांगून पटत नाही. ओळखीचा आहे? छेड काढतोय? माझी ओढणी चाकाकडं चाललीय म्हणून सांगतोय? मी तीन वेळा गाडी कडेला घेऊन ओढणी आणि स्टँड तपासलाय. मान हलवलेली मला चालते. समोरचा बोलावत नाही एवढं तरी कळतं.

तांबडा_रस्सा
ताई म्हणतात ते खरं हाय. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा लाइट कायम चालूच असतोय, तरी लोक अजून मूठ उघडझाप करून ‘लाइट चालू हाय’ सांगत्यात. मग हात केला की समजायचं काय? लाइट, स्टँड, का रामराम? आणि खरा विषय ट्रॅक्टरचा हाय. दोन-दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर नाही, चिखल धुवायचं नाव नाही. त्यावर कुणी बोलत नाही. माझ्या चुलत्यांची गाडी अशाच ट्रॉलीवर गेली होती, म्हणून पोटतिडकीनं लिवतोय.

लालपरी_३१_वर्षं
पोरांनो, मी एसटीत ३१ वर्षं चालक होतो, त्यातली बरीच गगनबावडा मार्गावर. समोरून आपली गाडी आली की आम्ही हात करायचोच. पण माझ्या दोन्ही हातांत भलंमोठं स्टेअरिंग, खाली सहा चाकं. एक हात निघाला तरी गाडी पडत नाही. शिवाय समोरचा चालक कोण, त्याच्या घरी काय चाललंय, हे सगळं ठाऊक असायचं.
आता मुद्द्याचं. आपल्या भागात ‘हात केला’ म्हणजे काय? गाडी थांबव. भाकरीचं गठुडं घेऊन कडेला उभी असलेली म्हातारी हातच करते. शाळेचं पोरगं हातच करतं. कुणाला घाम फुटला, कुणाचा बैल पडला, तरी हातच करतात. त्या दूधवाल्यानं हात बघितला आणि तो थांबायला गेला. त्यानं बरोबरच केलं. आमच्यापैकी कुणीही तेच केलं असतं.

कळंब्याचा_बुलेटवाला
काका, मान्य. पण हात रायडरनं रायडरला करायचा असतो, दूधवाल्याला नाही. तिथं चुकलं.

उद्यमनगरकर
पहाटे ४ ला उठून, धुक्यात, पावसात, दोन किटल्यांचा तोल सांभाळत जो रोज त्याच रस्त्यानं जातो, तो रायडर नाही आणि आपण महिन्यातून एका रविवारी जाणारे रायडर? हे मला अजिबात पटत नाही. त्याच्याइतकी गाडी आपल्यापैकी कुणाला येत नसेल.

कळंब्याचा_बुलेटवाला
तसं म्हणायचं नव्हतं. शब्द चुकला, मागं घेतो. पण प्रेमानं केलेली गोष्ट बंद करायची, याचं वाईट वाटतं.

नवीनच_आलोय
मला वडिलांची १९९१ ची बुलेट मिळाली आहे. गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात आहे, सवय किती दिवसांत होते?

लालपरी_३१_वर्षं
बाळा, आधी पेठेच्या बाहेर मोकळ्या मैदानात पंधरा दिवस चालव. दुसरी गाडी त्या काळात अजिबात घेऊ नको, पाय गोंधळतो.

फुलेवाडी_३५० (शनिवार, रात्री १०.४०)
काका, ‘थांब’ हा अर्थ आमच्या डोक्यातच आला नव्हता. आम्ही सगळे इथलेच, शाळेत जाताना एसटीला हातच करायचो, तरीही. उद्यासाठी असं ठरलंय: चालत्या गाडीवरून हात नाही. सरळ, मोकळ्या रस्त्यावर मान. गावातून जाताना आणि घाटात काहीच नाही. चहाला थांबलो की मात्र कडेला उभं राहून सगळ्यांना रामराम. भावाला माझ्या मागं बसवून नेतोय.

पाचगावची_स्कूटरवाली
हे बरं केलंत. भावाला बोलतं करा, गप्प बसू देऊ नका.

तांबडा_रस्सा
आणि ट्रॉलीवाला दिसला तर त्याला पण थांबवून सांगा रिफ्लेक्टरचं.

फुलेवाडी_३५० (रविवार, रात्री ८.१५)
आलो सुखरूप. जाताना कळ्यात डेअरीवर विचारलं, दूधवाले तिथंच भेटले. गुडघ्यावर पट्टी होती. भाऊ पाय धरायला वाकला तर त्यांनी मधेच धरला. मी विचारलं, मामा, तुम्ही एवढा जोरात ब्रेक का मारला? म्हणाले, “हात केलास न्हवं लेकरा. म्हटलं मागं कोण तरी पडलंय, दवाखान्यात न्यायचं असंल.”
भाऊ तिथंच रडला. येताना असळजपासून त्यानंच गाडी चालवली, मी मागं बसलो.
एक राहिलंय. पैसे त्यांनी आजही घेतले नाहीत. किटली अ‍ॅल्युमिनियमची आहे, झाकण बसत नाही, ते फडकं गुंडाळून काम भागवतायत. कोल्हापुरात हे कुठं ठोकून मिळेल?

उद्यमनगरकर
माझ्याकडं आणा, मंगळवारी दुपारनंतर. पैशाचं बोलू नका. नुसतं झाकण आणून उपयोग नाही, किटलीचं तोंडही वाकलं असणार. दोन्ही आणा, आणि तोवर त्यांना वापरायला एक रिकामी किटली माझ्याकडून घेऊन जा.