आईच्या गोळ्यांना नऊ दिवस झाले, फरक नाही. बंद करू का?

नंदगडची लेक
नमस्कार. आई ५८ वर्षांची. सुगी आटपली आणि तिचं बिनसलं. पहाटे तीनला उठते आणि चुलीपाशी नुसती बसून राहते, चूल पेटवत नाही. परवा दूध उतू जाऊन जाळ विझला, ही समोर उभी राहून बघत होती. सांडलेला भाताचा दाणासुद्धा वेचून घेणारी माझी आई! विचारलं की एकच उत्तर, "अंगात त्राण न्हाई, छातीत धडधडतंय." ईसीजी, साखर, थायरॉईड सगळं नीट आलं. शेवटी बेळगावला मानसोपचाराच्या डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून एस्सिटालोप्रॅम दिली आणि रात्रीला झोपेची एक बारीक गोळी. डॉक्टर कन्नड-हिंदी बोलतात, आईचं कन्नड बाजारापुरतं. म्हणून सगळं मीच सांगितलं.

नऊ दिवसांत नुसती मळमळ. आत्या म्हणते बाहेरचं आहे, कौल लावूया. शेजारच्या काकू म्हणतात ही गोळी एकदा लागली की जन्माची. मला काही सुचेना झालंय.

वडगावचा मागवाला
ताई, बंद करू नका. मळमळ पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत बऱ्याच जणांना होते, जेवणानंतर दिली तर कमी होते. मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे जातात, पुरता गुण यायला सहासुद्धा.

मी यातून गेलोय, २०१८ साली. माग चालू असायचा, धागा तुटलेला दिसायचा, पण हात उचलून तो जोडावा एवढं बळ नसायचं. सकाळ लई जड, संध्याकाळी जरा बरं. गोळीनं तिसऱ्या महिन्यात कांड्या भरायला बसलो, जेवायला लागलो. वाटलं झालं आता, आणि कुणाला न विचारता सोडली. दोन दिवसांत चक्कर, डोक्यात झिणझिण्या. दोन महिन्यांत पहिल्यापेक्षा खोल गेलो. डॉक्टरांनी तेव्हा समजावलं की बरं वाटायला लागल्यावरही सहा ते नऊ महिने घ्यायची आणि मग त्यांच्या सांगण्यानं हळूहळू उतरवायची. काकू म्हणतात तशी सवय झोपेच्या गोळीची लागू शकते, म्हणून ती थोडेच दिवस देतात. ती कधी थांबवायची हे डॉक्टरांना नक्की विचारा. एस्सिटालोप्रॅमची तशी चटक लागत नाही.

पण माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकलाय. तुम्ही मध्ये बसून सांगितलं ना? माझ्या वेळी भाऊ बसला होता. मी म्हटलं, "जीव नकोसा झालाय." त्यानं कन्नडात सांगितलं, "सुस्तु आगेद." थकलाय, एवढंच. त्याला लाज वाटली, मी त्याला दोष देत नाही. पण डॉक्टरांनी थकव्याच्या माणसाला द्यावी तशी औषधं दिली. आईचे शब्द जसेच्या तसे पोचवा. आणि आज रात्रीच तिला शेजारी बसवून विचारा, मरावंसं वाटतंय का? विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही. उलट तो दडवून ठेवलेला माणूस मोकळा होतो, हे मी स्वतःवरून सांगतो. घरात फवारणीचं औषध असेल तर आधी बाहेर काढा.

खानापूरची सिस्टर
दादांनी बरोबर सांगितलं. एक भर घालते. आईला पूर्वी कधी असे दिवस आले होते का, की झोप नाही तरी अंगात दुप्पट जोर, बोलणं थांबेना, पैसे उधळले? असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. तो बायपोलर, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी असा अतिउत्साह येणारा आजार, असू शकतो आणि त्यात नुसती ही गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. आमच्याकडे बायका "उदास आहे" असं म्हणतच नाहीत. डोकं जड, कंबर धरली, छातीत धडधड, असंच सांगतात. सौम्य डिप्रेशनला नुसत्या समुपदेशनानंही गुण येतो. आईची झोप गेलीय, कामधाम सुटलंय, तिला गोळी आणि बोलणं दोन्ही हवं. बी-१२ तपासलं नसेल तर तेही करून घ्या.

बेळगावला खेपा जमत नसतील तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोचैतन्य योजनेत मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी असते. कोणत्या मंगळवारी ते आधी विचारून घ्या. जास्तच झालं तर धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसोपचाराचं मोठं सरकारी रुग्णालय. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर रात्रंदिवस फुकट आहे, मराठीत बोलणारं माणूस मागा. आत्यांशी भांडू नका. आईला देवळात जायचं असेल तर जाऊ दे की, गोळी घेऊन जाऊ दे.

नंदगडची लेक
रात्री विचारलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हिरीवर पाण्याला जायला भ्या वाटतंय गं मला. म्हणून तर पहाटं चुलीपाशी बसते." मला वाटायचं तिला झोप लागत नाही म्हणून बसते.

रात्रीच १४४१६ ला लावला, आई स्वतः मराठीत बोलली. वीस मिनिटं. मी बाहेर ओट्यावर थांबले. भावानं फवारणीच्या बाटल्या मामाकडे नेऊन ठेवल्यात, पहाटे मी तिच्यासोबत उठते. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी आजच बोलावलंय. या वेळी तिचे शब्द कागदावर लिहून घेतलेत, माझ्या तोंडून काही गळू नये म्हणून. साडेदहाच्या बसनं निघतोय.