रात्रीच्या हॉर्नला कायदा आहे

सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच मागचा गाडीवाला हॉर्न दाबून धरतो अशी तक्रार लोक करतात ती शंभर टक्के खरी, नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळी उभं राहून बघा. पण त्यावर 'हॉर्नसाठी कायदाच नाही, चिडून काय उपयोग' असं जे म्हटलं जातं ते मात्र पटत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि २०१० मध्ये त्यात स्पष्ट घातलंय की रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात हॉर्न वाजवायचा नाही, अगदी आणीबाणी असेल तरच. त्याच नियमांत निवासी भागाला रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि गाडीचा हॉर्न त्याच्या कितीतरी वर जातो.

माझा खरा राग सोसायटीच्या गेटवरच्या हॉर्नवर आहे. इंदिरानगरला आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, बेडरूमची खिडकी बरोब्बर गेटवर, आणि रात्री साडेअकराला कोणीतरी येऊन वॉचमनसाठी पँ पँ सुरू करतो, उतरून दोन पावलं चालायची तयारी नाही. आईला एकदा जाग आली की पहाटेपर्यंत झोप नाही, त्यामुळे हे मला छोटं वाटतच नाही. शेवटी मीटिंगमध्ये भांडून गेटच्या खांबावर, गाडीची काच खाली करून हात पोचेल अशा उंचीवर, बेलचं बटण बसवून घेतलं, बेल वाजते वॉचमनच्या केबिनमध्ये. वायर, बटण, बेल, खर्च अगदी किरकोळ. आता बहुतेक जण बेलच दाबतात, टॅक्सीवाले अजून हॉर्न मारतात, त्यांच्यासाठी खांबावर रेडियमची पाटी लावायचं चाललंय.