प्रति: पाल की एनटीएससी?
भारतातली लग्नाची व्हीएचएस कॅसेट अमेरिकेत पाहण्यासाठी आधी एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही-व्हिडिओची पद्धत) करून घ्या, असं वर सुचवलंय. माझं मत उलट आहे. पालमध्ये (ही भारतातली पद्धत) चित्राच्या ६२५ रेषा, सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे चित्रं. एनटीएससीत ५२५ रेषा, २९.९७ फ्रेम. म्हणजे रेषा घटतात आणि नसलेल्या फ्रेम भरून काढाव्या लागतात. मग कॅमेरा आडवा फिरला की चित्र हिसके देतं. संगणकावर किंवा मोबाइलवर बघायचं असेल तर हा खटाटोप कशाला?

पाल चालणाऱ्या व्हीसीआरवरून जसंच्या तसं संगणकात कॅप्चर करा, ती मूळ फाइल जपा. बघायच्या प्रतीसाठी एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर लावून सेकंदाला ५० फ्रेमची एमपी४ काढा. पालची प्रत्येक फ्रेम लागोपाठच्या दोन अर्ध्या चित्रांची असते, हा फिल्टर त्या प्रत्येक अर्ध्याची पूर्ण फ्रेम करतो. २५ची काढलीत तर हालचालीतली सफाई जाते (वरातीतल्या नाचात तर हमखास!). एनटीएससी डीव्हीडी फक्त तिकडच्या जुन्या प्लेअरसाठी.