न्यायाच्या दिवसाची तयारी: एकदा म्हटलेली प्रार्थना पुरते का?

जागल्या
"माझ्यामागून ही प्रार्थना म्हणा, झालं तुमचं तारण." सुवार्तेच्या सभेत शेवटी असं सांगितलं जातं, आणि माणूस घरी जातो तो आपल्यापुरता न्यायाचा दिवस निकाली निघाला असं धरून. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण ही ऐकणाऱ्याची फसवणूक आहे. बायबलात मत्तय ७:२१-२३ मध्ये येशू ज्यांना 'माझी तुमची ओळखच नव्हती' असं सांगतो, ते 'प्रभू, प्रभू' म्हणणारेच लोक आहेत.

मत्तय २५ मधल्या दाखल्यातल्या दहा कुमारी पाहा. दहाहीजणींकडे दिवे आहेत, दहाहीजणी वराची वाट पाहतात आणि दहाहीजणींना झोप लागते. बाहेरून फरक काहीच दिसत नाही. तो कळतो मध्यरात्री हाक आल्यावर, आणि तेव्हा तेल उसनं मिळत नाही.

विश्वास खरा की नुसता तोंडचा, हे तपासायचं तर लूक ३:१०-१४ वाचावं. लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, 'आम्ही काय करावं?' दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी धाक घालून पैसे उकळू नयेत. प्रत्येकाला त्याने त्याच्याच धंद्यातलं पाप दाखवलं. म्हणून पश्चात्तापात तीन गोष्टी हव्यात: पाप नाव घेऊन कबूल करणं ('माझ्या सगळ्या चुका माफ कर' म्हणण्यात काहीच कबूल होत नाही), ते थांबवणं, आणि ज्याचं नुकसान केलं त्याला भरून देणं. लूक १९ मधल्या जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत देऊ केली. ही तिसरी गोष्ट आज शिकवणुकीतून सर्रास गळते.

कृपापात्र
अजिबात सहमत नाही. जक्कयाचा क्रम तुम्ही उलटा लावलाय. येशू आधी 'आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे' म्हणतो, चौपटीचा हिशेब त्यानंतर येतो. इफिस २:८-१० मध्येही क्रम हाच: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही, आणि सत्कृत्यं पुढे, त्या तारणातून. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराने कोणाची भरपाई केली? त्याला तर 'आजच' सुखलोकाचं वचन मिळालं.

आणि मत्तय ७ पुढेही वाचा. नाकारलेले लोक आपल्या बाजूने काय मांडतात? संदेश दिले, भुतं काढली, चमत्कार केले. म्हणजे कामांची यादीच! मत्तय २५ मधल्या न्यायाच्या प्रसंगात उजवीकडे उभी केलेली मेंढरं, म्हणजे स्वीकारलेले लोक, मात्र गोंधळून विचारतात, 'प्रभू, आम्ही तुला भुकेलेला केव्हा पाहिलं?' त्यांनी हिशेब ठेवलेलाच नव्हता. तुमच्या कसोट्या लावत बसलेला माणूस पहिल्या गटासारखा बोलायला शिकेल, ही माझी खरी भीती आहे. हळव्या मनाचा माणूस तर रोज स्वतःला उकरत बसतो, ख्रिस्ताकडे पाहायचंच विसरतो. योहान ५:२४ सांगतं की विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात पार गेला आहे. 'गेला आहे', 'बहुधा जाईल' नव्हे.

जुनी वाट
कॅथलिक बाजूने थोडं. ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने, १५४७ मध्ये नेमकी अशीच खात्री नाकारली होती: खास प्रकटीकरण असल्याशिवाय आपण शेवटपर्यंत टिकणारच, असं कोणी ठामपणे म्हणू नये. याकोब २:२४ तर सरळच सांगतो की माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरत नाही. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला कॅथलिक आणि लुथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, तिच्यात आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, हे दोघांनीही मान्य केलंय. तेव्हा कृपेवरून भांडण नकोच.

पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूसमोर पापं कबूल करण्याच्या आमच्या संस्कारात, आधी विवेकाची तपासणी, मग मनापासूनचा खेद, मग कबुली आणि प्रायश्चित्त. गंभीर पापं प्रकार आणि संख्या सांगून कबूल करायची. पापक्षमा मिळाली तरी चोरीचा माल परत करण्याची जबाबदारी माफ होत नाही, ती उरतेच. कृपापात्र म्हणतात तो उकरत बसण्याचा आजारही जुनाच आहे. त्यावर सल्ला असा की एकच धर्मगुरू धरावा, तो सांगेल ते ऐकावं आणि एकदा कबूल केलेली पापं पुन्हा पुन्हा कबूल करू नयेत.

जागल्या
चोराचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. हातपाय खिळलेले, हाती उरलेली फक्त जीभ. तेवढ्या वेळात तो सोबत्याला दटावतो, 'आपली शिक्षा रास्त आहे' म्हणतो, येशूला निर्दोष म्हणतो आणि त्याच्याकडे मागणं करतो. होतं ते सगळं त्याने वापरलं. पुढे वीस वर्षं हाताशी असलेल्या माणसाने त्याच्या आड लपू नये. यादी करणाऱ्यांबद्दलचं म्हणणं मात्र मान्य. कसोटी देवाला दाखवायला नाही, स्वतःची फसवणूक पकडायला आहे. २ करिंथ १३:५ मध्ये पौल 'आपली परीक्षा करा' म्हणतो ते याचसाठी.

कृपापात्र
परीक्षा करा, पण १ करिंथ ३:११-१५ शेजारी ठेवून. पाया ख्रिस्त. त्यावर कोणी सोनं-रुपं रचतो, कोणी लाकूड-गवत. अग्नीत काम जळालं तर नुकसान होतं, तरी तो स्वतः तारला जातो. ही ओळ तुमच्या मांडणीत कुठे बसते?

जागल्या
पाया असलेल्यांसाठी बसते. मी पायाच नसलेल्यांबद्दल बोलतोय.

नवा वाचक
एक साधी शंका. ज्याचे पैसे बुडवले तो माणूस वारला असेल तर?

जागल्या
गणना ५:६-८ मध्ये ही सोय आहे. पाप कबूल करायचं, पूर्ण रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा, म्हणजे शंभर बुडवले असतील तर एकशे वीस. माणूस नसेल तर जवळच्या नातेवाइकाला. नातेवाईकही नसेल तर ती रक्कम परमेश्वराची, याजकाकडे. आज ती गरिबांना द्यावी. वारस सापडत असतील तर आधी त्यांनाच, कारण दानपेटी हा सोपा मार्ग असतो आणि त्यात कोणाला तोंड दाखवावं लागत नाही. पैसे देताना 'आता माफ केलंत ना?' असं विचारू नये. माफ करायचं की नाही, ते त्यांचं त्यांना ठरवू द्यावं.