दोन सोल्व्हर जोडणं म्हणजे ठिगळकामच ना?

जेटीकाठचा, वास्को
महिनाभर एका रिकाम्या बार्जच्या मागे लागलोय. जेटीला बांधलेला असताना लाटेने तळाच्या पत्र्यावर किती ताण येतो, एवढंच काढायचंय. दोन सोल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारे प्रोग्राम: पाण्याला बाउंडरी एलिमेंट (फक्त पृष्ठभागावर बिंदू घेणारी रीत), पत्र्याला फाइनाइट एलिमेंट (पत्र्याचे छोटे तुकडे पाडणारी). एकाने दाब द्यायचा, दुसऱ्याने हालचाल परत करायची. तिसऱ्या फेरीतच आकडे उसळले. टाइम स्टेप, म्हणजे हिशेबाचं वेळेतलं पाऊल, निम्मी केली तर आणखी जोरात! माझं मत पक्कं झालंय: सगळी समीकरणं एकाच मॅट्रिक्समध्ये घालावीत, ही देवघेव बंद.

फर्मागुडीचा मास्तर
अहो, जोडणीला कशाला बोल लावता? बार्ज १२ मीटर रुंद आणि १ मीटर बुडालेला धरा. लांबीच्या दर मीटरला त्याचं वजन १२ टन. पण वरखाली होताना तो जे पाणी सोबत ढकलतो ते, खोल पाणी धरलं तरी, ५६ टनांच्या घरात. जेटीपाशी तळ जवळ, म्हणजे जास्तच. प्रवेगात १ची चूक असली तर पुढच्या फेरीत ती पावणेपाच, चिन्ह उलटं. मग बावीस, मग शंभरावर. या गुणाकारात टाइम स्टेप जवळजवळ नाहीच, लहान करून काय होणार? नवं उत्तर पूर्ण घेऊ नका, जुन्यात त्याचा पाचवा हिस्सा मिसळा. दर फेरीला चुकीचा सातवा भागच उरेल.
आणि एकच मॅट्रिक्स म्हणाल, तर बाउंडरी एलिमेंटचं गच्च भरलेलं असतं, प्रत्येक बिंदूचा दुसऱ्या प्रत्येकाशी संबंध. ५,००० बिंदूंना अडीच कोटी आकडे.

जेटीकाठचा, वास्को
पाचवा हिस्सा रिकाम्या बार्जचा. उद्या खनिज भरून ३ मीटर बुडाला की हिस्सा बदलणार. दर वेळी अंदाजच बांधायचा का? त्यापेक्षा ते ५६ टन सरळ पत्र्याच्या समीकरणात डावीकडे, बार्जच्या वजनासोबत टाकतो.

फर्मागुडीचा मास्तर
टाका की. तीही जोडणीच झाली. नाहीतर एटकिनची रीत वापरा, मागच्या दोन फेऱ्यांवरून हिस्सा तीच ठरवते.

मानशीवरचा, दिवाडी
तुम्हा दोघांचं भांडण आकडे फुटण्यावर. आमचे फुटलेच नव्हते, तीच पंचाईत. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या मानशीचं (पाण्याच्या दाराचं) मॉडेल होतं: भरतीला फळी मिटते, ओहोटीला उघडते. नदी एका प्रोग्राममध्ये १० सेकंदांच्या पावलाने, शेत दुसऱ्यात मिनिटाच्या. आलेख कसे गुळगुळीत! पण शेतातून गेलेलं पाणी नदीत तेवढं पोचतच नव्हतं. मिनिटाअखेरचा प्रवाह घेऊन त्यालाच ६०ने गुणत होतो. फळी मिनिटाच्या मधेच उघडली तर हिशेब गेलाच. सहाही पावलांची बेरीज करून दिल्यावर हिशेब जुळला.

जेटीकाठचा, वास्को
०.२ घालून चालवलं. चार फेऱ्यांत बसलं, मान्य. ठिगळच म्हणणार मी, फक्त आता उसवत नाही. दिवाडीकर, तुमच्यासारखं काम आमच्याकडे दाबाचं करायला हवं. पाण्याच्या बिंदूंची जाळी आणि पत्र्याच्या बिंदूंची जाळी जुळत नाहीत, एकूण बल दोन्हीकडे सारखं येतंय का ते मी अजून बघितलेलंच नाही.