अग्निवीर भरती: आवडीचा ट्रेड निवडावा की गावाजवळचे ठिकाण?

प्रश्न – चंदगडचा उमेदवार

नमस्कार. मी यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झालो असून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी या विषयांतील गुणांमुळे अग्निवीर टेक्निकलसाठी पात्र आहे. यंत्रांची मला मनापासून आवड आहे. परंतु वडिलांना मूत्रपिंडाचा विकार जडला आहे आणि बहीण अजून शाळेत आहे. घरच्यांचे म्हणणे असे की मी जनरल ड्यूटीसाठीच, म्हणजे सर्वसाधारण सैनिकाच्या पदासाठीच, अर्ज करावा. मराठा लाइट इन्फन्ट्री ही पायदळाची रेजिमेंट मिळेल, तिचे केंद्र बेळगावात आहे, म्हणजे मी हाकेच्या अंतरावर राहीन. वडिलांची काळजी मलाही आहेच. अशा वेळी ट्रेडला (कामाच्या प्रकाराला) महत्त्व द्यावे की ठिकाणाला?

उत्तर – माजी सुभेदार, मराठा लाइट इन्फन्ट्री

बाळा, घरच्यांचा मोठा गैरसमज झाला आहे आणि तो अर्ज भरण्याआधीच दूर व्हायला हवा. बेळगावात रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आणि रेकॉर्ड ऑफिस (जवानांच्या नोंदी व बदल्या पाहणारे कार्यालय) आहे. पलटणी तेथे राहत नाहीत. प्रशिक्षण संपून कसम परेड (शपथविधीचे संचलन) झाली की जवान आपल्या पलटणीत दाखल होतो, आणि ती पलटण त्या वेळी सियाचिनमध्ये असेल, अरुणाचलात असेल किंवा राजस्थानात असेल. काही वर्षे फील्ड (सीमेवरील वा खडतर भाग), मग काही वर्षे पीस (शांत भागातील छावणी), अशा फेऱ्यांत सबंध पलटण हलते आणि तिच्याबरोबर आपण हलतो. मधल्या काळात राष्ट्रीय रायफल्स या दहशतवादविरोधी दलातला कार्यकाळ आला तर तो बहुधा जम्मू-काश्मीरमध्ये जातो. शिवाय अग्निवीराला कोणत्याही रेजिमेंटमध्ये वा युनिटमध्ये पाठवता येते, ही अट भरतीच्या जाहिरातीतच असते. म्हणजे ज्या बेळगावसाठी तू आवडीचे काम सोडायला निघाला आहेस, ते बेळगाव तुला मिळेलच असे नाही, आणि मिळाले तरी ते प्रशिक्षणापुरतेच.

जनरल ड्यूटी कमी दर्जाची आहे, असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. पलटणीतले आयुष्य, आपल्या भाषेतली माणसे, ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही युद्धघोषणा, या सगळ्याची ओढ असेल तर पायदळात जरूर जा. केवळ घर जवळ पडेल या आशेने जाऊ नकोस.

उत्तर – निवृत्त हवालदार, ईएमई (सैन्याची यंत्रे व वाहने दुरुस्त करणारी शाखा)

सुभेदार साहेबांशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात तांत्रिक बाजूची थोडी भर घालतो. ईएमई, सिग्नल्स (दळणवळण) यांसारख्या कोअरमध्ये, म्हणजे सैन्याच्या शाखांमध्ये, जवानाची बदली बहुधा एकट्याची होते. पलटणीसारखे सगळे एकत्र हलत नाहीत. रेकॉर्ड ऑफिस ट्रेड, जागा आणि आधीच्या नेमणुका पाहून आदेश काढते. वर्कशॉप अनेक मोठ्या छावण्यांत असल्यामुळे पीस मिळण्याची शक्यता असते खरी, पण गाड्या, तोफा आणि रडार जेथे जातात तेथे त्यांची दुरुस्ती करणाराही जातो, त्यामुळे उंचावरील फील्ड चुकेल असे गृहीत धरू नये.

माझ्या मते निर्णायक मुद्दा वेगळा आहे. अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांनाच नियमित सेवेत घेतले जाते. उरलेल्यांना सेवानिधी ही एकरकमी रक्कम मिळते, निवृत्तिवेतन नाही. तेव्हा तुम्ही बावीस-तेवीस वर्षांचे असाल, वडिलांच्या उपचारांचा खर्च चालूच असेल, आणि कोल्हापूर वा बेळगावच्या कारखान्यात उभे राहताना तुम्ही कोठे नेमणुकीस होता हे कोणी विचारणार नाही. तुम्हाला काय दुरुस्त करता येते हे विचारतील. ठिकाण दर दोन-तीन वर्षांनी बदलते, हातातले काम टिकते. तांत्रिक भरती झाल्यावरही नेमकी कोअर आणि ट्रेड सैन्यच ठरवते, एवढे मात्र ध्यानात ठेवा.

उत्तर – एका जवानाची पत्नी

भाऊ, वडिलांच्या आजारपणाचा विचार सुट्टीच्या हिशेबाने करा. नियमित जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. अग्निवीराला वार्षिक रजा ३० दिवसच आहे. त्यातूनच प्रवासाचे दिवस जातात. जम्मूहून झेलम एक्सप्रेसने पुण्यापर्यंत यायचे आणि तेथून पुढे चंदगड गाठायचे, म्हणजे तातडीच्या प्रसंगी तुम्ही वेळेवर पोहोचालच असे नाही, मग ट्रेड कोणताही असो. म्हणून तुम्ही निघण्यापूर्वी वडिलांना दवाखान्यात कोण नेणार, डायलिसिसची वेळ आली तर गडहिंग्लजला जायचे की बेळगावला, हे काका-मामांशी बसून ठरवा. आईवर एकटीवर ते टाकू नका. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात शेजारच्या चुलत दिरांनीच सगळे निभावले.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. एक शंका उरते. घर सोडायचेच नसेल तर कोल्हापूरच्या प्रादेशिक सेनेचा विचार करावा का?

उत्तर – माजी सुभेदार, मराठा लाइट इन्फन्ट्री

कोल्हापूरला १०९ इन्फन्ट्री बटालियन (टीए) आहे आणि ती मराठा लाइट इन्फन्ट्रीशीच संलग्न आहे. परंतु प्रादेशिक सेना मुळात आपला उदरनिर्वाह सांभाळून सेवा करणाऱ्यांसाठी आहे. तुझे अजून काहीच उत्पन्न नाही. शिवाय बोलावणे आले की त्या जवानांनाही दूरच्या सीमेवर जावे लागते. आधी टेक्निकलचा अर्ज भर आणि लेखी परीक्षेसाठी भौतिकशास्त्र व गणित आतापासून पक्के कर. वडिलांचे सर्व वैद्यकीय कागद तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून ठेव. पुढे नियमित सेवेत गेलास आणि अनुकंपा तत्त्वावर घराजवळच्या बदलीसाठी अर्ज करण्याची वेळ आली, तर पहिल्यांदा तेच मागतील.